न उचललेले फोन

वहिनी : ...म्हणून तुम्हालाच विचारतेय वन्सं, त्यातलं खरं किती? उद्या सकाळी दवाखान्यात जायचंय, आणि तुमचे दादा सकाळपासून तोच व्हिडिओ लावून बसलेत.

नणंद : मघाशी दादाशी वाद झाला, पण व्हिडिओ मी पाहिलेला नाही. कुठला तो?

वहिनी : आत्यांनी पाठवलेला. सहाव्या महिन्यात पोट पाडलेल्या बायका जन्मभर झुरतात, कुणाकुणाच्या तर डोक्यावर परिणाम होतो. संशोधनाने सिद्ध झालंय म्हणे.

नणंद : केस उगवायचं तेलही आत्यानेच पाठवलं होतं. तेही सिद्ध झालेलंच होतं.

वहिनी : महिनाभर चोळलं ह्यांनी. हसवू नका, शिलाई वाकडी जाते.

नणंद : ठेव ना ते मशीन आता. कुणाचे एवढे शर्ट?

वहिनी : शाळेचे गणवेश. उद्यापासून मशीनला बसायचं नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा आजच संपवते. आणि नुसतं बसलं की ते हलतं. फार नाही, पण हलतं. मूत्रपिंडं नाहीत, पोटात पाणी नाही, फुप्फुसं वाढणार नाहीत, जन्मलं तरी वाचणार नाही, असं सगळ्या डॉक्टरांनी एकमताने सांगितलं. मला पटलंय हो. पण त्याला कुणी सांगितलेलं नाही ना.

नणंद : वहिनी...

वहिनी : तुम्ही रडू नका. तुम्ही रडलात तर मी विचारायचं कुणाला? अशा बायकांना फोन करणं हे तर तुमचं कामच आहे.

नणंद : हो. आमच्या अभ्यासासाठी, दर सहा महिन्यांनी, तेच प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, घेतलेला निर्णय बरोबर वाटतो का.

वहिनी : मग काय म्हणतात?

नणंद : बहुतेक जणी म्हणतात, बरोबर वाटतो. दुःख आहे म्हणतात, पण चुकलं असं नाही म्हणत. आमच्या अहवालात तेच छापलंय.

वहिनी : म्हणजे आत्यांचं खोटं, तुमचं खरं.

नणंद : एवढं सरळ नाही गं.

वहिनी : मघाशी ह्यांच्यासमोर तर ठासून बोललात.

नणंद : दादाशी मी भांडत होते. तुझ्याशी नाही भांडायचं मला. हे बघ, आमची एक पद्धत आहे. तीनदा फोन करूनही उचलला नाही, तर त्या बाईचं नाव बाजूला काढायचं. तिला पुन्हा त्रास द्यायचा नाही. चांगल्या मनाने केलेला नियम आहे तो. पण अशा पुष्कळ जणी आहेत.

वहिनी : त्या कशा आहेत?

नणंद : ठाऊक नाही.

वहिनी : विसरून गेल्या असतील. संसाराला लागल्या असतील.

नणंद : असतील. नाहीतर आमचा नंबर दिसला की जीव घाबरा होत असेल. आम्ही आकडेमोड करून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज मला पटतोही. पण तू विचारलंस म्हणून सांगते, त्यांचा आवाज मी ऐकलेला नाही.

(शिलाई मशीन थांबतं.)

वहिनी : मला वाटलं, तुम्ही म्हणाल, काही होत नाही, जा बिनधास्त.

नणंद : म्हणता आलं असतं.

वहिनी : नाही म्हणालात ते बरं केलंत. छातीठोकपणे सांगणारे खूप भेटले, इकडचेही आणि तिकडचेही. जन्माला घालायचं आणि गुदमरताना बघत बसायचं, ते माझ्याच्याने नाही होणार. उद्या जाणार मी. ह्यांनाही तसंच सांगते आता. पण नंतरची भीती वाटते, वन्सं. फार वाटते.

नणंद : मलाही वाटते.

वहिनी : माझं नाव घालाल तुमच्या अभ्यासात?

नणंद : घरच्या माणसांना घेत नाहीत.

वहिनी : तरी फोन कराल?

नणंद : रोज करेन.

वहिनी : आणि मी उचललाच नाही तर? तीनदा करूनही?

नणंद : तर मी घरी येईन. तू फक्त दाराला आतून कडी लावू नकोस.