रुमालाच्या जागी बंदूक

तुमच्याकडचे उमेदवार काय बोलतात मले माहीत नाई, पण आमच्या मोताळ्याचं आयका. निवडणुकीत एक भाऊ मत मांगाले बसस्टँडवर आले. मागं त्यायचा अंगरक्षक रमेश, खांद्यावर दुनळी बंदूक. भाऊ म्हणे, "गावात दिवसाढवळ्या गोळीबार होऊन राह्यला! माह्याही जिवाले धोका हाये! मले निवडून द्या, एक बंदूक दिसनार नाई!"

तेवढ्यात रोहिणखेडची शेवटची बस आली. भाषन गेलं खड्ड्यात, सारे खिडक्यायकडं पळाले. कोनी रुमाल टाकला, कोनी पिशवी. रमेशही रोहिणखेडचाच. टाकाले दुसरं काही सापडलं नाई, तं त्यानं बंदूकच टाकली सीटवर.

आत जाऊन पाह्यते तं त्याच्याच गावची शकीलाचाची बंदूक मांडीवर घेऊन तिथंच बसलेली.

"चाची, ही जागा मी धरली होती."

"बंदुकीनं? तिले एस्टीत कोन भेते? रुमाल टाकाचा ना, बाप्पा!"

बाहेरून भाऊ वरडले, "रम्या, खाली उतर! माह्या जिवाचं काय?"

रमेशनं खिडकीतून मुंडकं काढलं. "भाऊ, ही बस गेली तं दुसरी नाई. तुमच्या जिवाचं उद्या पाहू."