पावकीची दुरुस्ती

गंधाली : म्हणजे नुसत्या माझ्या नावावरून शोधत शोधत तुम्ही भांडुपहून थेट पार्ल्याला, आमच्या घरी?

विद्याधर : काय करणार मॅडम, तुमचा ईमेल बंद. कॉलेजचा होता ना तो, मेल परत आला. मग आमच्या अंध मंडळींच्या ग्रुपवर विचारलं, ‘पावकी’ बनवणारी गंधाली टिपणीस कोणाला माहितेय का? एक जण म्हणाला, टिपणीस सरांची मुलगी असणार. सरांनी त्याला शाळेत गणित शिकवलंय.

मधुकर : कोण रे तो?

विद्याधर : दशरथ म्हणून आहे. म्हणाला, सरांना माझं नाव सांगू नको, मी नापास झालेलो.

मधुकर : दशरथ! एकदा नाही, दोनदा. बसा हो परब, डाव्या हाताला खुर्ची आहे. मलाही दिसत नाही, तेव्हा आपण दोघं आवाजावर भागवू.

गंधाली : अहो पण ‘पावकी’ मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना केली. आठ वर्षं झाली. काचबिंदूनं बाबाची दृष्टी गेली. कॉम्प्युटर त्याला पेपर वाचून दाखवायचा आणि दीड आलं की म्हणायचा, ‘एक पॉइंट पाच’. हा इतका चिडायचा!

मधुकर : चिडणारच. आम्ही पावकी-निमकीचे पाढे घोकलेली माणसं. दीडला दीड म्हणायला काय होतं?

गंधाली : म्हणून एक छोटंसं ॲड-ऑन लिहिलं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्याला जोडलं की तो सव्वा, दीड, अडीच असं सरळ मराठीत बोलतो. नाव यानंच ठेवलं. नेटवर टाकलं आणि विसरून गेले. कोणी वापरतं हेच मला माहीत नव्हतं.

विद्याधर : मी पाच वर्षं वापरतोय. रोज. मुलुंडला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आहे मी. घरी गेलेल्या पेशंटना फोन करायचा, गोळ्या कशा घ्यायच्या ते परत समजावून सांगायचं. चिठ्ठी कॉम्प्युटर माझ्या कानात वाचतो, मी पेशंटला सांगतो. त्याआधी सहा वर्षं फोनबोर्डावर होतो. ‘थांबा हं, जोडून देतो.’ दिवसभर तेवढंच. ही खुर्ची मी मागून घेतलीये, मॅडम. कोणी दिली नाही.

गंधाली : आणि आता काय झालं?

विद्याधर : सोमवारी सगळ्या मशीनवर मोठं नवीन अपडेट आलं. स्क्रीन रीडर नवा झाला आणि त्यानं ‘पावकी’ला बाहेर काढलं. मला पत्ताच नाही. मंगळवारी सकाळी मी आपला नेहमीसारखा फोन लावतोय. सुंदराबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्या मिस्टरांना रक्त पातळ करायची गोळी. मी म्हटलं, रोज एक. त्या म्हणाल्या, ‘अरे बाळा, डॉक्टर तर दीड म्हणाले होते ना?’

मधुकर : मग?

विद्याधर : चिठ्ठीत दीडच होतं, सर. एक, आणि पुढे ते अर्ध्याचं छोटं चिन्ह. नवा रीडर त्या चिन्हाला गप्प बसला. नुसतं ‘एक’ म्हणून पुढे गेला.

गंधाली : बापरे.

विद्याधर : तोपर्यंत अकरा फोन झाले होते. सुगंधा सिस्टरला बाजूला बसवलं, अकराच्या अकरा चिठ्ठ्या तिच्याकडून वाचून घेतल्या आणि सगळ्यांना परत फोन केले. सुंदराबाई धरून दोघांना चुकीचं सांगितलं होतं मी. नशीब, दोघांनी गोळी घेतली नव्हती. मग उठलो आणि आमच्या विभागाच्या नंदकिशोर साहेबांना जाऊन सांगितलं.

मधुकर : स्वतःहून?

विद्याधर : मग लपवू काय? पेशंट आहेत ते. साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, परब, पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबतो, तोवर हे नीट कर, नाहीतर तू आपला फोनबोर्डावर परत जा. जुना रीडर परत टाका म्हटलं, तर कॉम्प्युटरवाले म्हणतात चालणार नाही, सुरक्षेचं कारण आहे. तेव्हा आज गुरुवार, आणि मी तुमच्या घरी.

गंधाली : हे बघा विद्याधर, मला खरंच वाईट वाटतंय. पण नाही जमणार. सोमवारी आमच्या कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, मान वर करायला फुरसत नाही. बाहेरचं काही लिहायचं तर परवानगी काढावी लागते. आणि खरं सांगू? मी ते पेपर वाचायला केलं होतं. कोणाच्या औषधासाठी नाही. उद्या कोणाला काही झालं तर?

विद्याधर : तर मी जबाबदार. फोनवर आवाज माझा असतो, ‘पावकी’चा नाही. तुम्ही दुरुस्त नका करू. मला फक्त सांगा, ती उघडते कुठून.

गंधाली : प्रोग्रामिंग येतं तुम्हाला?

विद्याधर : नाही. वाचायला येतं, आणि मी पटकन कंटाळत नाही.

मधुकर : गंधाली, शिकवायला लागते का गं कंपनीची परवानगी?

गंधाली : बाबा, तू ना...

मधुकर : नाही, मी आपलं विचारलं.

गंधाली : बरं. अर्धा तास. काढा लॅपटॉप. ॲड-ऑनची फाइल म्हणजे नुसतं गाठोडं असतं, ते सोडा. आत चार-पाच फाइली असतील. अहो, हा काय आवाज आहे? किती फास्ट! मला एक अक्षर कळत नाहीये.

विद्याधर : मला कळतं. सवय आहे. हं, पाच फाइली.

गंधाली : ‘मॅनिफेस्ट’ नावाची उघडा. कोणत्या आवृत्तीवर तपासलंय, अशी एक ओळ असेल खाली.

विद्याधर : आहे. आठ वर्षांपूर्वीची.

गंधाली : म्हणूनच बाहेर काढलं. नवा रीडर बघतो, आठ वर्षांत हिच्याकडे कोणी फिरकलेलं नाही, म्हणजे भरवसा नाही. तिथे नवा नंबर घाला, गाठोडं परत बांधा आणि चालू करा.

विद्याधर : घेतली! घेतली आत! ...नाही यार. एररचा आवाज आला.

गंधाली : वाटलंच मला. लॉग उघडा, चुकांची नोंद असते त्यात. काय म्हणतो?

विद्याधर : ओळ दोनशे बारा. या नावाचं काही सापडत नाही म्हणतो.

गंधाली : रीडरच्या ज्या फंक्शनला मी हाक मारत होते, त्याचं त्यांनी नाव तरी बदललंय नाहीतर जागा. कोणत्या अपडेटला काय बदललं त्याच्या याद्या असतात, त्यात शोधावं लागेल. शेकडो पानं आहेत. आणि मला आता मीटिंग आहे, खरंच सॉरी.

विद्याधर : शेकडो ना? या स्पीडनं मला एक पान मिनिटभरात होतं, मॅडम. शोधतो.

मधुकर : परब, अडलं तर फोन कर. मला कर. तिला मीटिंगा असतात.

(दहा दिवसांनंतरचा रविवार, सकाळ. तेच घर.)

मधुकर : हळू सांग. पहिल्यापासून. फोनवर दर वेळी अर्धवट सांगून ठेवत होतास.

विद्याधर : नाव दुसऱ्या दिवशीच सापडलं, सर. त्यांनी नावही बदललं होतं आणि जागाही हलवली होती. नवं घातलं तरी चालेना. शनिवारची अख्खी दुपार खाल्ली त्यानं. शेवटी कळलं, एका ओळीच्या आधी माझ्याकडून एक स्पेस जास्त पडलेली.

गंधाली : त्या एका स्पेसनं मलाही रडवलंय.

विद्याधर : ती काढली, आणि बोलली की हो! ‘दीड.’ मी ती ओळ पन्नास वेळा ऐकली असेन. शेजारची काकी दारात येऊन म्हणते, ‘काय रे इद्या, पाडे पाठ करतंस काय?’

मधुकर : वा!

विद्याधर : पण लगेच कामावर नेली नाही. तिच्यात एक खोट होती. तुमची, मॅडम.

गंधाली : माझीच. सांगा, बाबालाही ऐकू दे.

विद्याधर : आमचे काही डॉक्टर अर्धी गोळी लिहिताना एक, तिरकी रेघ, दोन असं टाइप करतात. त्याला तुमची ‘पावकी’ म्हणायची, ‘एक फेब्रुवारी’.

मधुकर : अर्ध्या गोळीला एक फेब्रुवारी! गंधाली!

गंधाली : बाबा, हसू नकोस. पेपरात तारखाच असायच्या!

विद्याधर : पाच वर्षं मी मनातल्या मनात सुधारून घेत होतो. या वेळी म्हटलं, हात घातलाच आहे तर होऊन जाऊ दे. आता शेजारी गोळी किंवा चमचा असला की ती बरोबर ‘अर्धी’, ‘अर्धा’ म्हणते. आणि जिथे तिला खात्री नाही, तिथे गप्प बसत नाही. ‘तपासा’ म्हणते. मग मी सिस्टरला विचारतो.

गंधाली : हे मला सुचलं नव्हतं.

मधुकर : बत्तीस वर्षं वर्गात ओरडत होतो मी, येत नसेल तर येत नाही म्हणून लिहा, उत्तर ठोकून देऊ नका. कोणी ऐकलं नाही. बरं, साहेबांचं काय झालं?

विद्याधर : साहेबांच्या आधी सुगंधा सिस्टर. दोनशे जुन्या चिठ्ठ्या काढल्या. ती कागदावर बोट ठेवून, मी कानात ऐकून. एकशे अडतिसाव्या चिठ्ठीला चूक निघाली, पावणेदोनची. ती दुरुस्त केली आणि परत पहिल्यापासून दोनशे. सिस्टर म्हणाली, विद्याधर, माझं जेवण राहिलं तुझ्यापायी. मी म्हटलं, माझं पण. मग शुक्रवारी साहेबांना म्हटलं, आता तुम्ही बसा.

गंधाली : बसले?

विद्याधर : बसले ना. तीस चिठ्ठ्या घेऊन, मुद्दाम किचकट निवडलेल्या. अठ्ठावीस बिनचूक वाचल्या. दोनदा ‘तपासा’ म्हणाली, आणि त्या दोन्हींत डॉक्टरांचंच टायपिंग चुकलेलं. साहेब उठले. मग दार उघडून बाहेर कोणाला तरी म्हणाले, ‘फोनबोर्डासाठी दुसरं माणूस बघा. परब येणार नाही.’

मधुकर : शाब्बास! शाब्बास रे!

गंधाली : आता माझं ऐका. रिलीज संपल्यावर मी कंपनीची रीतसर परवानगी काढली आणि तुम्ही पाठवलेला कोड ओळन् ओळ वाचला. दोन ठिकाणी जरा नीटनेटका केला, बाकी हात लावला नाही. गरज नव्हती. परवा नवी ‘पावकी’ नेटवर टाकली. किती जणांनी उतरवून घेतली असेल?

विद्याधर : दहा-पंधरा?

गंधाली : चारशे सव्वीस.

विद्याधर : काय सांगता!

गंधाली : मेल यायला लागलेत. चिपळूणचे एक शिक्षक आहेत. देवनारची ऋता म्हणून एक मुलगी आहे, सीएचा अभ्यास करतेय. नवं अपडेट आलं तशी एकेकाची बंद पडली, आणि प्रत्येकाला वाटलं, आपल्याच मशीनमध्ये बिघाड आहे. आणि मी इथे निवांत, आपलं कोण वापरतंय म्हणून.

मधुकर : मला तर वाटायचं, ती फक्त माझी आहे.

गंधाली : आता एक जागा भरायची राहिलीये. निर्मिती म्हणून माझं नाव आहे. त्याखाली ‘देखभाल’. पुढचं अपडेट येणारच, वर्षातून तीन-चार येतात. तेव्हा काही मोडलं तर कोणाला विचारायचं, त्याचं नाव तिथे लागतं. तुमचं लिहू?

विद्याधर : माझं? मॅडम, मी साधा फोन करणारा माणूस...

मधुकर : परब.

विद्याधर : हो सर.

मधुकर : उत्तर येत असून हात खाली ठेवणाऱ्या मुलांचा मला फार राग यायचा.

विद्याधर : ...लिहा. विद्याधर परब. भांडुप पण लिहा.

गंधाली : लिहिलं. आणि कामही आलंय सकाळीच. लातूरच्या एका बाईंचा मेल आहे, बँकेत असतात. म्हणतात, नवी घातली पण त्यांच्या मशीनवर सव्वाला अडखळते. काय उत्तर देऊ त्यांना?

विद्याधर : सव्वाला? थांबा, लॅपटॉप उघडतो. लिहा त्यांना, परब बघतोय म्हणून.