भिंतीवरच्या एकोणीस फ्रेमा

मोशीच्या दवाखान्यात विजयश्री आईची फाइल मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एकीचा नवरा कमरेला पट्टा बांधून शेजारीच ताठ बसलेला.

“सुभद्राताई, भाऊजींचं मणक्याचं ऑपरेशन विम्यातून झालं म्हणे?”

“सगळंच्या सगळं! आधी विमावाले नाहीच म्हणाले. दुखणं जुनं, पॉलिसीच्या आधीचं.”

“अगं बाई! मग?”

“मग काय, आम्ही गप्प बसतोय होय! भिंतीवरच्या फ्रेमा उतरवल्या. यांची कंपनी दरवर्षी देते ना, शंभर टक्के हजेरीच्या सर्टिफिकिटाच्या. एकोणीस वर्षं, एक खाडा नाही! लेकीनं फोटो पाठवले अन् लिहिलं, पाठ दुखणारा माणूस एक तरी सुट्टी घेईल की नाही?”

“हुशार गं पोर!”

“आठवड्यात मंजुरी आली.”

“पण खरं सांगा भाऊजी, एवढ्या वर्षांत पाठ कधीच दुखली नाही?”

विजयश्रीनंही कान टवकारले.

“दुखायची की, रोज,” तो म्हणाला. “पण तेवढ्यासाठी कुणी खाडा करतं का?”