लिटरला अकरा

संसार विश्वासावर चालतो. गाडी पेट्रोलवर चालते, त्यामुळे तिची चौकशी करता येते. गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेलं जोडपं त्यासाठीच आलं होतं.

"पूर्वी लिटरला अठरा द्यायची, आता अकरा," नवरा म्हणाला.

"चाकांत हवा बरोबर आहे, फिल्टर साफ आहे," मेकॅनिक म्हणाला. "साहेब, क्लचवर पाय ठेवून चालवता का?"

"नाही हो."

"डिकीत वजन?"

"एक छत्री आहे," बायको म्हणाली.

"मग उभ्या गाडीत एसी लावून बसता?"

"सिग्नलला."

"सिग्नलला एवढं जळत नाही, साहेब."

"अहो, ऑफिस सहाला सुटतं," बायको नवऱ्याला म्हणाली. " तुम्ही घरात येता आठला."

"खाली पार्किंगमध्ये असतो. तासभर."

"कोणाबरोबर?"

"एकटाच गं. वर तुझं आणि आईचं वाजलेलं असतं. कोणाची बाजू घ्यायची, ते ठरत नाही."

"आमचं तुम्ही आल्यावर वाजतं. तोवर आम्ही दोघी छान सिरीयल बघत असतो."

"मग मी काय करू?"

"बसा खालीच. फक्त इंजिन बंद ठेवा."

मेकॅनिकने कार्डावर लिहिलं, 'गाडीत दोष नाही.'