कुत्र्याला भूल

कीर्तनात भूतदयेचं आख्यान लागलं की ज्यांचे डोळे हमखास पाणावत, ते चिंतामण गुरुजी जव्हारच्या गुरांच्या दवाखान्यात गाय घेऊन आले होते. संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती. ओटीवर त्यांच्या पुढ्यात सूर्यमाळचं एक जोडपं पाठमोरं बसलं होतं, मांडीवर कुत्रा.

“आज गाठ कापतील. आधी भूल माग हां.”

“मागतो गं.”

“गेल्या सालीबी मागतोच म्हणालास. डुकरानं पोट फाडलेलं, आन् तू तोंड बांधून तसंच शिवून आणलंस. अजून दोरी दिसली का थरथरतो बिचारा.”

“तोंड उघडलं होतं मी. तर मागं कोण गुरुजी होते, ते म्हणाले, कुत्र्याला भूल? मग पालखीबी आणा! सगळे हसले. मीबी हसलो.”

“तूबी?”

“लाज वाटली ना.”

गुरुजींची मान खाली गेली.

“जिव्या, आण रे कुत्रा!” आतून डॉक्टरांनी हाक मारली.

जिव्या उठून वळला. गुरुजी दिसले तसा तो थबकला.

“काही सांगायचंय का?” डॉक्टरांनी दारातून विचारलं.

“नाही साहेब. मी धरतो घट्ट.”

“डॉक्टर,” गुरुजी कसेबसे उठले, “कुत्र्याला आधी भूल द्या.”

ओटीवर कुणीतरी फिसकन हसलं.