घरकुलाला लागते जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या पंचायत समितीच्या सभापती माननीय शुभांगीताई. व्यासपीठावर बसलेले गटविकास अधिकारी दिग्विजयसाहेब. उद्यापासून माझ्या टेबलावर बसणाऱ्या अपूर्वा मॅडम. गावोगावचे सरपंच, ग्रामसेवक, माझे सगळे सहकारी आणि पौडच्या बाजारातली कामं अर्धी टाकून इथवर आलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याबद्दल आत्ता बरंच चांगलं बोललं गेलं. ऐकताना मला वाटत होतं, हे जनार्दनराव कोण बुवा? एकदा भेटायला हवं त्यांना! असो. निरोपाच्या दिवशी माणसाबद्दल कोण वाईट बोलतो? शालीबद्दल आभारी आहे, पण मे महिन्यात ती पांघरवत नाही, म्हणून मांडीवर ठेवली आहे. ताईंनी गैरसमज करून घेऊ नये.

खरं सांगू? दमलोय. विस्तार अधिकारी म्हणून घरकुलाचं टेबल सांभाळलं त्या काळात मी सगळ्यात जास्त वेळा कोणता शब्द उच्चारला असेल? "थांबा." यंदाचं उद्दिष्ट संपलं, थांबा. तुमच्या वर अजून नावं आहेत, थांबा. घरं मोजकी आणि मागणारे भरपूर, यात कुणाचाच दोष नाही. पण समोरचा माणूस गळक्या, भाड्याच्या खोलीतून उठून आलेला असतो. "थांबा" हा शब्द त्याच्या तोंडावर पुन्हा पुन्हा टाकताना आपलंही काहीतरी झिजतं. अपूर्वा मॅडम, तुम्हाला घाबरवत नाही. पण हे कुणीतरी सांगायला हवं होतं आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आज उपदेश करायचा नाही असं घरून सांगितलेलं आहे. सौ. सुनीती समोरच बसल्या आहेत. तेव्हा एकच हकीकत सांगतो आणि खाली बसतो.

कासार आंबोलीच्या गोजराबाई तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहेत. त्यांचे यजमान भैरू एका बंगल्यावर माळीकाम करायचे. बंगलेवाले शनिवारी यायचे, रविवारी जायचे. बाग यांच्या हातची फुललेली, पण स्वतः दोघं गावातल्याच एका पत्र्याच्या खोलीत भाड्यानं. लेक लग्न होऊन गेलेली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची प्रतीक्षा यादी रंगवलेली होती, त्यात भैरूंचं नाव पार खाली. बाजारच्या दिवशी गोजराबाई पौडला आल्या की माझ्या दारात उभ्या.

"सायेब, वर सरकलं का वो आमचं नाव?"

"थोडं सरकलंय. थांबा."

"थांबतुया की. दुसरं काय करतुया!"

आणि हसायच्या. त्या हसण्यानं मला जास्त दमायला व्हायचं.

दोन हजार सहा साली नंबर लागला. आता आनंदच व्हायला हवा, नाही का? पण घरकुलाला पैसे सरकार देतं, जागा स्वतःची लागते. आणि मार्चअखेर काम सुरू झालं नाही, तर ते घर यादीतल्या पुढच्या माणसाला जातं. मी हे सांगितलं तेव्हा बाई जराही डगमगल्या नाहीत.

"जागेचं काय घिऊन बसलाय? माझा सख्खा भाऊ हाय ना गावात. वडलांच्या जमिनीवरचा हक्क मी हसत सोडला त्याच्यासाठी. एक गुंठा न्हाई म्हनायचा न्हाई त्यो."

त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे हैबतराव. गावातलं जमिनीचं मोठं खातं. शब्दाला मान, ओसरीवर कायम चार माणसं. मला जागेची पाहणी करायचीच होती, म्हणून गोजराबाईंबरोबर मीही गेलो. हैबतराव खाटेवर बसले होते. त्यांच्या मंडळींनी, रंभाबाईंनी, चहा आणून ठेवला. बाईंनी सरळ विषय काढला. हैबतरावांनी कप खाली ठेवला.

"अक्का, मागितलंस ते बरोबर हाय. पर देऊ कुटली?"

"वढ्याकडची दे की. तितं काय पिकतंय?"

"ती गेली."

"गेली म्हंजी?"

"इकली."

"मग माळावरची दे."

"ती बी गेली, अक्का."

"आरं, मग परवा तू नांगरत होतास ते कुनाचं रान?"

"घेनाऱ्याचं. त्यो म्हनला, पडीक ठेवन्यापरीस कर तू. हे घर बी त्याच्याच जागेत हाय आता. बांधकाम काढूस्तोवर ऱ्हावा म्हनलाय. पोरानं, शेखरनं, मारुंजीला फ्लॅट घेतला, धंद्यात घातलं, ऱ्हायलं न्हाई काय. गावाला कळू दिलं न्हाई मी."

बाई आता रडतील किंवा भांडतील, असं मला वाटलं. आपला हक्क सोडला तो याच्यासाठी? पण त्या उठल्या, भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि वहिनीला म्हणाल्या, "रंभा, त्येला पानी दे आधी. घाम बघ किती आलाय." बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "सायेब, हे गावात बोलू नगा."

मी बोललो नाही. मार्च संपला. घर पुढच्या माणसाला गेलं. भैरूंना ते सांगायला मीच गेलो. ते बंगल्यावर गुलाबाला आळं करत होते. म्हणाले, "त्येला तरी झालं न्हवं? बरं झालं." आणि पुन्हा खुरपं चालवायला लागले.

आता एकच वाट उरली होती. ग्रामसभेनं ठराव करून गावठाणातली जागा द्यायची आणि तालुक्याहून मंजुरी आणायची. ग्रामसभेत विषय निघाला आणि लोक विरोधात उठले. त्यांचंही काय चुकलं? "सख्ख्या भावाकडं एवढं रान असताना गावठानातली जागा कशाला? ज्येला कुनीच न्हाई त्येला द्या!" गोजराबाई बायकांच्या घोळक्यात खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांना उत्तर ठाऊक होतं. एका वाक्यात सभा गप्प झाली असती. पण त्या बोलल्या नाहीत. मलाही बोलता येईना.

तेव्हा मागून हैबतराव उठले. टोपी काढून हातात घेतली.

"मंडळी, माझ्याकडं रान न्हाई. समदं इकलंय. तुमी मला पाटलावानी मान देता, त्यो मी फुकट घेतोय. भनीला द्यायला माझ्याकडं येक गुंठा न्हाई, म्हनून ती गावाकडं मागतीया. तिला द्या."

एवढं बोलून ते खाली बसले. मग एकेक हात वर झाला आणि ठराव मंजूर झाला. नोकरीत मी सभा किती पाहिल्या, सांगता येणार नाही. पण असा ठराव दुसऱ्या कुठल्या सभेत झालेला पाहिला नाही.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण मंजुरीला वेळ लागला आणि पुन्हा उद्दिष्टाची वाट बघणं आलं. या थांबण्यात भैरू गेले. त्याच भाड्याच्या खोलीत, पावसाळ्यात, छातीत कफ साठून. घर झालं ते गोजराबाईंच्या एकट्यांच्या नावावर. त्यांनी मला जेवायला बोलावलं. भिंतींना अजून ओल होती. चुलीपाशी बसून म्हणाल्या, "ह्ये असते तर दारात काहीबाही लावलं असतं. मला न्हाई येत त्यातलं." मी जेवलो.

गेल्या वर्षी हैबतरावांचं राहतं घर पाडायला जागा घेणाऱ्याचं यंत्र आलं. कुठं जायचं, हा प्रश्न त्यांना पडायच्या आधीच बहिणीनं येऊन त्यांची भांडी उचलली. आज भाऊ, भावजय आणि बहीण त्याच घरकुलात राहतात. हैबतराव इथं मागच्या रांगेत बसले आहेत. हे बोलू का, असं मी काल त्यांना विचारलं. म्हणाले, "बोला की. जे लपवायचं हुतं ते मीच सांगून टाकलंय."

परवाच्या बाजारी गोजराबाई पुन्हा माझ्या दारात. म्हटलं, आता काय?

"भावाचं नाव घाला यादीत."

मी सांगितलं, बाई, ही यादी बंद झाली. नवीन पाहणी होईल तेव्हा नाव लागेल. कधी होईल ते मलाही ठाऊक नाही, आणि तोवर मी इथं नसेन.

"व्हईल तवा व्हईल," त्या म्हणाल्या. "तवर हाय की त्यो माझ्याकडं."

अपूर्वा मॅडम, नवी पाहणी निघाली की ते नाव तेवढं बघा.

ताई, साहेब, सहकारी मित्रहो, आपण मला सांभाळून घेतलंत, माझी कुरकुर ऐकून घेतलीत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर दमलेल्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि माझ्या दारातून "थांबा" ऐकून जे परत गेले आणि ज्यांच्यापर्यंत घर वेळेत पोहोचलं नाही, त्यांना इथूनच हात जोडतो. नमस्कार.