रुळाकाठचा पास

"काका, खोटी सही करून वर मलाच दम देताय?"

जुन्या वाफेच्या गाडीच्या तिकीटखिडकीवर तिकीटवाल्याची आणि कॅमेरा घेतलेल्या एका काकांची जुंपली होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी कान टवकारले.

"दम कसला? रुळाकाठी उभं राहून फोटो काढायचा पास मागतोय. चाळीस वर्षं काढतोय."

"पास दोघांनाच मिळतो. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने गाडीवर नजर ठेवायची. आणि तुमच्या जोडीदाराची सही तीन रविवार झाले, तुमच्याच अक्षरात आहे."

"बायको आहे ती माझी."

"मग काकू कुठायत?"

"गेली. चार महिने झाले."

"मला ठाऊक नव्हतं, काका. पण मागच्या वर्षी एकजण कॅमेऱ्याला डोळा लावून मागे सरकत सरकत थेट रुळावर गेला."

"मलाही तिने दोनदा कॉलर धरून ओढलंय. शिव्या घातल्या त्या वेगळ्याच."

"कुंपणाबाहेरून काढा ना."

"तिथून नुसता धूर दिसतो."

"मग घरचं कुणीतरी आणा."

"घरी इंजिनांचे हजारभर फोटो आहेत. एकातही ती नाही. कायम माझ्या पाठीमागे उभी."

"रांगेतलं कुणी येतंय का बघा."

काका वळले.

"बाई, दहा मिनिटं याल? नुसतं मागे उभं राहायचं, गाडी आली की ओरडायचं. सोबत कुणी असेल तर त्यांनाही घ्या."

"सोबत कुणी नाही हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काकांच्या बाजूने खिडकीत हात घातला. "मला एकच तिकीट द्या. गाडी सुटेल, निघायला हवं मला."